न सांगता आलेला बदली खेळाडू, परवानगीशिवाय परतलेला गोलंदाज आणि रनर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लेदर बॉलवरचा ४० षटकांचा सामना, तुम्ही पंच म्हणून नवीन. अठरावं षटक संपल्यावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा वेगवान गोलंदाज काही न सांगता बाहेर गेला. तंबूतला एक मुलगा त्याच्या जागी डीप मिडविकेटला येऊन उभा राहिला, तोही न सांगता. एकविसाव्या षटकात त्याच मुलाने झेल घेतला. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने हरकत घेतली आणि पाच धावा मागितल्या. तुम्ही फलंदाजाला बाद दिलं, धावा दिल्या नाहीत. तेविसावं षटक चालू असताना मूळ गोलंदाज परत आला, मुलगा बाहेर गेला. गोलंदाजाने मिडऑनला एक फटका अडवला आणि पुढच्याच षटकात तो चेंडू टाकायला आला.

दुसऱ्या डावात सलामीच्या फलंदाजाच्या पोटरीत गोळा आला, तुम्ही रनर (त्याच्या वतीने पळणारा) दिला. रनर म्हणून आला तो संघातला एक फलंदाज, जो अजून खेळलाच नव्हता, आणि तोही हेल्मेटशिवाय. पुढे एका चेंडूवर रनरने धाव पूर्ण केली, पण जायबंदी फलंदाज सवयीने क्रीझबाहेर आला आणि कीपरने बेल्स उडवल्या. 'रनर पोचला होता' म्हणून तुम्ही नाबाद दिलंत. आता तुम्ही विचारताय की यातलं किती चुकलं.

खरं सांगायचं तर तुम्ही विचारलेले प्रश्न चार असले तरी अडचण एकच आहे. अठराव्या षटकानंतर तुमच्या मैदानावर कोण अधिकृतपणे उभं आहे, हे तुम्हा दोघा पंचांना ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं त्यातून आलं. तरी एकेक घेऊ, कारण प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा आहे आणि त्यामागचं कारणही वेगळं आहे. मी एमसीसीचे (क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे) नियम धरून बोलतोय. स्थानिक स्पर्धांना स्वतःच्या अटी असतात आणि काही ठिकाणी त्या याहून सैल किंवा कडक असतात. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचा. त्यात काही वेगळं लिहिलं असेल तर ते चालेल, लिहिलं नसेल तर एमसीसीचा नियम चालेल.

झेलापासून सुरू करतो. नियमांत 'क्षेत्ररक्षक' कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. मैदानावर रीतसर असलेले खेळाडू, आणि गैरहजर खेळाडूच्या जागी रीतसर उभा असलेला बदली. 'रीतसर' या शब्दावर सगळा भार आहे. चोविसावा नियम सांगतो की बदली खेळाडू पंचांनी द्यायचा असतो. खेळाडूला सामन्यादरम्यान दुखापत झाली असेल, तो आजारी पडला असेल किंवा पंचांना पूर्णपणे पटेल असं दुसरं कारण असेल तरच. म्हणजे बदली हा संघाचा हक्क नाही, पंचांची परवानगी आहे. झेल घेणारा हा 'क्षेत्ररक्षक' असावा लागतो. परवानगी नसलेला मुलगा क्षेत्ररक्षक ठरत नाही आणि त्याने धरलेला चेंडू झेल ठरत नाही. एवढंच पाहिलं तर फलंदाज नाबाद.

पण तुम्ही तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओघात लिहिलंय: 'मला तो मुलगा विसाव्या षटकात दिसला होता, पण मी काही बोललो नाही.' माझ्या मते इथे निर्णय फिरतो. पंचाने पाहिलं, आक्षेप घेतला नाही, खेळ पुढे चालू दिला, याचा अर्थ मी मूक संमती असा घेतो. फलंदाजानेही तो मुलगा तिथे आहे हे पाहूनच फटका मारला. अशा वेळी षटकभराने, झेल हातात बसल्यावर 'तू इथे नव्हतासच' म्हणणं हे क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला पंचाच्या गप्प बसण्याची शिक्षा देणं झालं. म्हणून तुमचा बादचा निर्णय मीही दिला असता. मात्र तो मुलगा त्याच षटकात मागच्या मागे शिरला असता आणि दोघा पंचांपैकी कोणालाच ठाऊक नसता, तर मी झेल मान्य केला नसता. चेंडू डेड, म्हणजे खेळात नसलेला, ठरवून फलंदाजाला परत बोलावलं असतं. इथे दुसरे अनुभवी पंच वेगळं म्हणू शकतील. नियमाच्या व्याख्येवर बोट ठेवून कोणी दोन्ही वेळा नाबाद दिलं तर त्याला मी चूक म्हणणार नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो, कारण मैदानावर तो वारंवार ऐकू येतो: 'सबने घेतलेला झेल धरत नाहीत.' रीतसर आलेल्या बदलीचा झेल पूर्ण धरला जातो, त्याने केलेला धावबादही. २००५ च्या अ‍ॅशेसमध्ये (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत) ट्रेंट ब्रिजला गॅरी प्रॅट या बदली खेळाडूने रिकी पाँटिंगला थेट फेकीवर धावबाद केलं होतं. पाँटिंग चिडून काय काय बोलत गेला, पण बाद तो बादच.

आता पाच धावा. फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराने त्या झेलाच्या वेळी मागितल्या. तिथे त्या लागू नव्हत्या. लागू झाल्या त्या दोन षटकांनी, आणि तेव्हा कोणी मागितल्या नाहीत.

नियम असा आहे. संघयादीतला खेळाडू मैदानाबाहेर गेला की कारण पंचांना कळवायचं आणि परत येताना पंचांची संमती घ्यायची. संमती न घेता तो आत आला आणि खेळात असलेल्या चेंडूला त्याचा स्पर्श झाला, तर चेंडू त्या क्षणी डेड होतो. फलंदाजी करणाऱ्या संघाला दंडाच्या पाच धावा मिळतात. फलंदाजांनी पूर्ण केलेल्या धावा मिळतात, आणि स्पर्शाच्या क्षणी ते एकमेकांना ओलांडून गेले असतील तर चालू धावही मिळते. तो चेंडू षटकात मोजायचा नाही. नंतर दोन्ही कर्णधारांना कारण सांगायचं आणि सामन्यानंतर अहवाल द्यायचा.

तुमच्या गोलंदाजाने मिडऑनला अडवलेला तो फटका अगदी यातच बसतो. नुसता आत आला एवढ्याने दंड नाही, हे लक्षात ठेवा. तो आत आलेला दिसला आणि चेंडू अजून टाकला गेला नसेल तर गोलंदाजाला थांबवा, त्याला 'बाहेर कशाला गेला होतास, किती वेळ झाला' विचारा, संमती द्या आणि खेळ सुरू करा. दंड स्पर्शाला आहे. कारण सरळ आहे. धाव घ्यायची की नाही हे फलंदाज मैदानावर कोण कुठे उभा आहे हे पाहून ठरवतो. त्याच्या हिशेबात नसलेला माणूस अचानक चेंडू अडवू लागला तर त्याचा हिशेबच मोडतो. परक्या मुलाची गोष्ट आणि संघातल्या खेळाडूची गोष्ट इथे वेगळी होते. संघातल्या खेळाडूला हा नियम माहीत असणं त्याची जबाबदारी आहे, म्हणून नियम त्याच्याबद्दल एवढा स्पष्ट आणि कडक आहे.

मग बदलीला मुद्दाम, पंचांची नजर चुकवून आत घुसवलं तर? एखादा संघ हे ठरवून करतोय असं दिसलं तर त्याकडे मी अनुचित खेळ म्हणून पाहतो. एक्केचाळिसाव्या नियमाखाली पहिल्यांदा कर्णधाराला बोलावून पूर्ण संघासाठी पहिली आणि शेवटची ताकीद, पुन्हा झालं तर पाच धावा. पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. गोलंदाज पाणी प्यायला गेला असेल, बूट बदलायला गेला असेल आणि कोणीतरी 'जा रे, उभा राहा' म्हणालं असेल. आपल्याकडे नव्वद टक्के वेळा हेच असतं.

तिसरी गोष्ट, परत आल्यावर त्याची गोलंदाजी. हा मुद्दा तुम्ही विचारलाच नव्हता, पण सामन्यावर सगळ्यात मोठा परिणाम याचाच झाला असणार. जेवढा खेळाचा वेळ खेळाडू बाहेर होता तेवढा वेळ परत मैदानावर काढल्याशिवाय त्याला गोलंदाजी देता येत नाही. त्याची कमाल मर्यादा ९० मिनिटं आहे. तुमचा गोलंदाज पावणेपाच षटकं बाहेर होता, म्हणजे साधारण वीस मिनिटं. परत आल्यावर वीस मिनिटं होईपर्यंत तो क्षेत्ररक्षण करू शकतो, चेंडू टाकू शकत नाही. डाव त्याआधी संपला तर उरलेली मिनिटं त्याच्या फलंदाजीत धरायची. तेवढा वेळ तो फलंदाजीला येऊ शकत नाही आणि कोणाचा रनरही होऊ शकत नाही, फक्त पाच गडी बाद झाले तर त्याला फलंदाजीची मोकळीक मिळते.

याला दोन अपवाद आहेत आणि पंचाची खरी परीक्षा तिथे असते. सामन्यात बाहेरून मार लागला, म्हणजे चेंडू बोटावर बसला किंवा टक्कर झाली, तर वेळ मोजायचा नाही. दुसरं, पूर्णपणे पटण्यासारखं कारण असेल तर मोजायचा नाही. पण स्नायू ओढला गेला, पोट बिघडलं, उलट्या झाल्या, हे सगळं आजार आणि शरीराच्या आतली दुखापत यांत येतं आणि त्याचा वेळ मोजायचा. पोरं यावर फार हुज्जत घालतात. 'सर, हॅमस्ट्रिंग गेली, मी काय मुद्दाम केलं का?' मुद्दाम नाही केलंस हे मान्य. पण आतली दुखापत आम्ही डोळ्यांनी पाहू शकत नाही आणि ती सूट दिली तर प्रत्येक थकलेला गोलंदाज चार षटकं सावलीत बसून ताजा होऊन येईल. हे कारण एकदा नीट समजावलं की बहुतेक जण शांत होतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक, कारण आजकाल हे फार वाढलंय. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर (सामन्यात मधेच बदलून येणारा खेळाडू) आला. तो फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागल्यास येणारा बदली खेळाडूही पूर्ण खेळतो. टीव्हीवर हे पाहून गावोगावच्या संघांना वाटतं की बदली आला की तो सगळं करू शकतो. तुमच्या स्पर्धेच्या अटींत तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर बदली खेळाडू म्हणजे फक्त क्षेत्ररक्षक. तो गोलंदाजी करू शकत नाही, फलंदाजी करू शकत नाही, कर्णधार होऊ शकत नाही. यष्टिरक्षण पंचांनी संमती दिली तरच.

पहिल्या डावाचा हिशेब असा झाला: झेलाचा निर्णय परिस्थितीनुसार बरोबर, पाच धावा द्यायच्या राहिल्या, आणि चोविसाव्या षटकात त्या गोलंदाजाच्या हातात चेंडू द्यायला नको होता.

आता रनर. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर १ ऑक्टोबर २०११ ला गेला. त्यामुळे विशीतल्या पोरांनी तो टीव्हीवर पाहिलेलाच नाही आणि तुमच्यासारख्या नव्या पंचांनाही त्याचा सराव मिळत नाही. माझ्या पिढीला १९९७ ची चेन्नई आठवते. सईद अन्वरच्या १९४, रनर म्हणून शाहिद आफ्रिदी पळतोय आणि आपण हळहळतोय. पण एमसीसीच्या नियमांत रनर अजून आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक क्लब सामन्यांत तो मागितला जातो.

कोणी अमेरिकन शाळांमधलं सॉफ्टबॉल पाहिलं असेल तर तिथे पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचर (आपल्या कीपरसारखा) बेसवर पोचले की त्यांना काही दुखापत नसतानाही दुसरा पळायला येऊ शकतो, खेळ लवकर पुढे जावा म्हणून. क्रिकेटमधला रनर तसला नाही. तो सोयीसाठी नाही, दुखापतीसाठी आहे. पळण्यावर परिणाम करणारी दुखापत, आणि तीही सामन्यादरम्यान झालेली. सकाळी घरून लंगडत आलेल्याला रनर नाही.

पोटरीतला गोळा दुखापत की थकवा? इथे मी ठाम उत्तर देणार नाही. २००९ च्या चॅम्पियन्स करंडकात सेंच्युरियनला दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी स्मिथ १४१ धावा काढताना पेटक्यांनी वाकला होता आणि त्याला रनर मिळाला नाही. त्या वेळी इंग्लंडचा कर्णधार स्ट्रॉस याच्या भूमिकेवर खूप वाद झाला. माझं स्वतःचं धोरण असं: पाणी, मीठ, थोडं ताणून पाहणं, दोन-तीन मिनिटं. गोळा सुटला तर रनर नाही. पाय टेकवताच येत नसेल तर देतो. मे महिन्यात विदर्भात दुपारी एक वाजता उभ्या असलेल्या पोराकडे पाहून मी जरा लवकर देतो, आणि ते मला चुकीचं वाटत नाही. समोरच्या कर्णधाराला सौजन्य म्हणून सांगतो, पण त्याची परवानगी मागत नाही. निर्णय पंचांचा आहे.

रनर कोण, हे मात्र धोरणावर नाही, नियमावर आहे. तो त्याच संघाचा असावा आणि शक्य असेल तर त्या डावात आधीच फलंदाजी करून झालेला असावा. बदली खेळाडू रनर होऊ शकत नाही. तुमच्या सामन्यात तोवर कितवा गडी बाद झाला होता हे तुम्ही लिहिलं नाही. एकही बाद झाला नसेल तर न खेळलेलाच येणार, त्याला इलाज नाही. पण एक जरी बाद झालेला असेल तर त्यालाच पाठवायला सांगायचं होतं. हेल्मेटचं मात्र नक्की चुकलं. फलंदाजाने जे बाहेरचं संरक्षक साहित्य घातलंय, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, तेवढंच रनरने घालायचं आणि हातात बॅट घ्यायची. एक हलका आणि एक जड असं पळणं समोरच्यावर अन्याय आहे.

आता तो धावबाद. तुमचा निर्णय चुकला आणि तो फार जणांचा चुकतो, म्हणून थोडं सावकाश सांगतो. रनर असलेला फलंदाज स्ट्राइकवर असेल तर त्याची क्रीझ कायम कीपरच्या टोकाचीच. रनर कुठे आहे, नॉन-स्ट्रायकर कुठे आहे, याचा संबंध नाही. चेंडू खेळात असताना तो क्रीझबाहेर असेल आणि कीपरच्या टोकाची यष्टी नीट पाडली गेली तर तो बाद. त्याआधी रनरने पूर्ण केलेली धावही धरायची नाही, आणि नॉन-स्ट्रायकर आपल्या मूळ टोकाला परत जातो. याशिवाय रनर स्वतः धावबाद झाला तरी बाद फलंदाजच होतो. म्हणजे रनर मागणारा फलंदाज दोन ठिकाणी धावबाद होण्याचा धोका पत्करतो. रनर देताना मी फलंदाजाला एवढं एक वाक्य नेहमी सांगतो: 'मारलंस की इथेच थांब, बॅट क्रीझमध्ये.' नियमात हे सांगायची सक्ती नाही. पण वेदनेत असलेल्या माणसाला आठवण करून देण्यात पक्षपात होत नाही.

हे दिसण्यासाठी उभं कुठे राहायचं, तेही महत्त्वाचं. स्ट्रायकरला रनर असेल तर मी स्क्वेअर लेगला असताना ऑफ साइडला जातो आणि रनरला लेग साइडला पॉपिंग क्रीझच्या (यष्टींपुढच्या क्रीझच्या) रेषेत उभं करतो. मग माझ्या समोर एका रेषेत खेळणारा फलंदाज आणि त्याच्या पलीकडे रनर, दोघंही दिसतात. रनर आपल्या पाठीशी राहिला तर दोन क्रीझ एकदम पाहता येत नाहीत. तुम्ही रनरकडे पाहत होतात, म्हणून तुम्हाला फलंदाज बाहेर आलेला दिसलाच नसेल. जायबंदी फलंदाज नॉन-स्ट्रायकर असेल तेव्हा त्याला माझ्याजवळ, खेळाच्या वाटेत येणार नाही असा उभा करतो.

माझं स्वतःचंही एक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका सामन्यात पाण्याच्या विश्रांतीनंतर पाणी घेऊन आलेला पोरगा फाइन लेगला तसाच राहिला. क्षेत्ररक्षक बारा झाले. चेंडू त्याच्याकडे गेला, त्याने सवयीने अडवला आणि बॅटिंगच्या तंबूतून आरडाओरडा झाल्यावर मला कळलं. त्या दिवशी मी फलंदाजांपुढे उभा राहून सांगितलं की हे माझ्याकडून सुटलंय. तेव्हापासून प्रत्येक विश्रांतीनंतर आणि प्रत्येक गडी बाद झाल्यावर मी क्षेत्ररक्षक मोजतो. गोलंदाज रन-अपच्या टोकाला वळतो तेवढ्यात मोजून होतं: कीपर, गोलंदाज, मग डावीकडून उजवीकडे नऊ. अकरा झाल्याशिवाय हात खाली घेत नाही. कोणी बाहेर गेलं की गणनेच्या कार्डच्या मागे पेन्सिलने खेळाडूचा क्रमांक, षटक आणि घड्याळातली वेळ लिहितो, आणि स्कोअररला हाताने दाखवतो. परत आला की तिथेच वेळ लिहून वजाबाकी करतो. 'सर, पाचच मिनिटं गेलो होतो' याला उत्तर द्यायला तोंडापेक्षा तो कागद बरा.

तुम्ही म्हणालात की पुढच्या रविवारी त्याच दोन संघांचा परतीचा सामना तुमच्याकडेच आहे. नाणेफेकीला दोन्ही कर्णधार एकत्र असतील, तेव्हा मागच्या सामन्यात तुमच्याकडून काय सुटलं ते त्यांना स्पष्ट सांगा: पाच धावा द्यायच्या राहिल्या, गोलंदाज वेळेआधी टाकू दिला, धावबाद चुकला. मग एवढंच सांगा: 'बाहेर जाणारा मला किंवा माझ्या सहकाऱ्याला सांगून जाईल, आत येणारा आमचा हात वर झाल्यावर येईल. बदली फक्त क्षेत्ररक्षण करेल. रनर लागला तर आधी आमच्याकडे या.' सहकारी पंचाशीही आधी ठरवून घ्या की कोण मोजणार आणि वेळ कोण लिहिणार.